गेम प्रोग्रॅमिंगच्या प्रोजेक्टसाठी संशोधन-साहित्य कसं शोधायचं: सोलापुरातल्या विद्यार्थ्यांसाठी

प्रोजेक्टसाठी गेम करायचा ठरला की बहुतेक गट पहिल्याच दिवशी इंजिन डाउनलोड करतात आणि लिटरेचर सर्व्हेचं प्रकरण सबमिशनच्या आदल्या आठवड्यात लिहायला घेतात. मग घाईघाईत 'युनिटी गेम रिसर्च पेपर' असं काहीतरी सर्चमध्ये टाकलं जातं. हाती लागतात ट्युटोरियलचे व्हिडिओ आणि अनोळखी जर्नलांतले चार पानी लेख. साहित्यच नाही असं मात्र नाही. वाट शोधण्याचा ए-स्टार अल्गोरिदम १९६८ सालचा आहे, तेव्हापासूनचं काम उपलब्ध आहे आणि त्यातलं पुष्कळसं फुकट वाचता येतं. अडचण एवढीच की ते इंजिनच्या नावाखाली मांडलेलं नसून समस्येच्या नावाखाली मांडलेलं आहे. समस्येचं नेमकं नाव सापडलं की निम्मं काम झालं. म्हणून आधी नावाबद्दल सविस्तर, पेपर कुठे मिळतात ते त्यानंतर.

समस्या एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि गेममध्ये काय घडायला हवं ते साध्या मराठीत लिहा. 'गड्डा यात्रेवर गेम करायचा' हा विषय झाला, समस्या नव्हे. 'रस्त्यावर हजार माणसं आहेत. नंदीध्वज पुढे येतो तशी गर्दी बाजूला होते आणि तो गेल्यावर मागे पुन्हा मिटते. हे सगळं साध्या लॅपटॉपवर न अडखळता चाललं पाहिजे' ही समस्या. या वाक्यात तीन गोष्टी आहेत: काय दिसायला हवं, किती प्रमाणात आणि कुठल्या मर्यादेत. मर्यादा आकड्यात लिहा. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. त्यातच चित्र काढणं, आवाज, इनपुट सगळं आलं, म्हणून गर्दीच्या हिशोबाला ४ मिलिसेकंद धरा. आता 'हजार माणसं, ४ मिलिसेकंद' ही कसोटी हातात आली. पुढे वाचाल त्या प्रत्येक पेपरला हाच प्रश्न विचारायचा: यांनी किती माणसं हलवली आणि किती वेळात?

हे वाक्य न लिहिता शोधायला बसलं की चाळीस पीडीएफ जमतात आणि एकही उपयोगी पडत नाही.

वर्णनावरून शब्दाकडे

'गर्दी बाजूला होते' याला संशोधनात काय म्हणतात? इथेच सगळे अडतात, कारण हा शब्द आधी माहीत असल्याशिवाय तो शोधताही येत नाही. सर्वांत भरवशाची वाट इंजिनच्या अधिकृत मॅन्युअलमधून जाते. गोडो या मोफत गेम इंजिनच्या मॅन्युअलमध्ये नॅव्हिगेशन एजंटचं (एजंट म्हणजे गेममध्ये स्वतःहून हलणारं पात्र) पान उघडा. तिथे 'अव्हॉयडन्स' हा विभाग सापडेल आणि आरव्हीओ हे लघुरूप दिसेल. ते म्हणजे 'रेसिप्रोकल व्हेलॉसिटी ऑब्स्टॅकल'. हाच तुमचा शब्द. युनिटी आणि अनरियलच्या मॅन्युअलमध्येही हेच लघुरूप भेटतं. इंजिन बनवणाऱ्यांनी कुणाचं तरी संशोधन वाचूनच ती सोय केलेली असते आणि त्या संशोधनाचं नाव सेटिंगच्या नावात शिल्लक राहतं. गोडोमध्ये प्रत्येक एजंटला ० ते १ मधला 'प्रायॉरिटी' आकडा देता येतो. जास्त प्रायॉरिटी असलेला एजंट कमी असलेल्यांसाठी आपला वेग बदलत नाही. नंदीध्वजाला १ आणि भाविकांना ०.५ दिलं की वाट कोणी कोणाला द्यायची ते ठरलं.

नेहमीच्या आणखी काही तक्रारी आणि त्यांची शास्त्रीय नावं पाहा. सर्चमध्ये ही नावं अर्थात रोमन लिपीत टाइप करायची.

'वेगानं मारलेली गोळी भिंतीतून आरपार जाते' याला 'टनेलिंग' म्हणतात आणि उपाय 'कन्टिन्युअस कोलिजन डिटेक्शन' या नावाखाली सापडतो. सेकंदाला ३०० मीटर जाणारी गोळी ६० पायऱ्यांत मोजली तर एका पायरीत ५ मीटर पुढे जाते. २० सेंटिमीटरची भिंत दोन पायऱ्यांच्या मध्येच राहून जाते, इंजिनला ती दिसतच नाही.

'मित्राच्या लॅपटॉपवर उडीची उंची वेगळी येते' हा 'फिक्स्ड टाइमस्टेप' चा प्रश्न. फिजिक्सचा हिशोब फ्रेमच्या वेगाला बांधलेला असतो आणि प्रत्येक मशीनचा फ्रेम रेट वेगळा असतो, म्हणून हे होतं.

'ऑनलाइन खेळताना समोरचा खेळाडू झटके देत सरकतो' यासाठी 'क्लायंट-साइड प्रेडिक्शन', 'एन्टिटी इंटरपोलेशन' आणि 'लॅग कॉम्पेन्सेशन' हे तीन शब्द घ्या. व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये याच विषयावर लिहिलेला लेख आजही पहिल्यांदा वाचावा असा आहे.

'सोलापुरी चादरीचं कापड गेममध्ये प्लॅस्टिकसारखं दिसतं' असं असेल तर 'क्लॉथ' एवढंच शोधू नका. त्यात फडफडणाऱ्या कापडाचं फिजिक्स येईल. तुम्हाला हवं आहे ते ताण्याबाण्यावरून उजेड कसा परततो ते. त्यासाठी 'वोव्हन क्लॉथ' आणि 'रिफ्लेक्टन्स' हे शब्द जोडीनं टाका.

एआय चॅटबॉटचा उपयोग याच टप्प्यापुरता करा. समस्येचं वर्णन द्या आणि 'याला संशोधनात काय शब्द वापरतात' एवढंच विचारा. संदर्भांची यादी मागू नका. खऱ्या लेखकाचं नाव, खऱ्या परिषदेचं नाव आणि अस्तित्वातच नसलेला पेपर अशी सरमिसळ त्यात येते आणि ती इतकी खरी दिसते की मार्गदर्शकही फसतात. कुठलाही संदर्भ अहवालात घेण्याआधी त्याचा डीओआय क्रमांक (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) डीओआय डॉट ऑर्ग वर टाकून पान उघडतं का आणि शीर्षक तेच आहे का, हे तपासा. एका संदर्भाला अर्धा मिनिट लागतो.

एका पेपरवरून मागे आणि पुढे

शब्द मिळाला की गूगल स्कॉलरवर तो अवतरणचिन्हांत टाका. अवतरणचिन्हं नसतील तर तिन्ही शब्द सुटे सुटे असलेली हजारो पानं येतात. 'रेसिप्रोकल व्हेलॉसिटी ऑब्स्टॅकल' टाकल्यावर वर येईल तो व्हॅन डेन बर्ग, लिन आणि मनोचा यांचा २००८ चा पेपर. आता इथून दोन दिशांना जायचं.

मागे जायचं म्हणजे पेपरच्या शेवटची संदर्भसूची वाचायची. तीत १९९८ चा फियोरिनी आणि शिलर यांचा 'व्हेलॉसिटी ऑब्स्टॅकल' वरचा पेपर सापडेल. तो यंत्रमानवांसाठी लिहिलेला आहे. गेममधल्या गर्दीचं मूळ रोबोटिक्समध्ये आहे हे कळलं की शोधायची जागाही वाढते. तसंच गर्दीच्या वर्तनाचा दुसरा पाया, हेल्बिंग आणि मोल्नार यांचं १९९५ चं 'सोशल फोर्स मॉडेल', फिजिकल रिव्ह्यू ई या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात आहे. फक्त कॉम्प्युटरच्या जर्नलांत शोधणाऱ्याला तो भेटणार नाही. तिसरा पाया क्रेग रेनॉल्ड्स यांचा १९८७ चा पक्ष्यांच्या थव्यावरचा पेपर. त्यांचाच १९९९ चा 'स्टिअरिंग बिहेव्हिअर्स' हा पेपर थेट गेम बनवणाऱ्यांसाठी आहे.

पुढे जायचं म्हणजे निकालाखालच्या 'साइटेड बाय' वर टिचकी मारायची. त्या पेपरचा आधार घेऊन नंतर लिहिलेले सगळे पेपर येतात. संख्या मोठी असते, म्हणून वरची 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स' ही चौकट टिक करा आणि तुमच्या समस्येतला दुसरा शब्द टाका, उदाहरणार्थ 'डेन्स क्राउड' किंवा 'प्रायॉरिटी'. डावीकडे गेल्या पाच वर्षांचं बंधन घाला. सोबत 'सर्व्हे' हा शब्द टाकूनही एकदा पाहा. चांगला सर्व्हे पेपर मिळाला तर महिन्याचं काम दोन दिवसांत होतं, कारण त्यात सगळ्या पद्धती एकाच तक्त्यात तोलून ठेवलेल्या असतात.

कुठे थांबायचं? नव्यानं उघडलेल्या पेपरच्या संदर्भसूचीतली बहुतेक नावं ओळखीची वाटू लागली की थांबा. बी.ई. किंवा एम.सी.ए. च्या प्रोजेक्टला नीट वाचलेले १२ ते १५ पेपर पुष्कळ झाले. नुसते नावाला घेतलेले पन्नास तोंडी परीक्षेत अंगाशी येतात.

वाचतानाही शेवटपर्यंत सरळ वाचत जाऊ नका. आधी सारांश, मग आकृत्या, मग 'लिमिटेशन्स' चा परिच्छेद. दहा मिनिटांत ठरतं की हा ठेवायचा की सोडायचा. ठेवला तर एका स्प्रेडशीटमध्ये ओळ भरा: समस्या, पद्धत, किती एजंट, कुठलं हार्डवेअर, किती वेळ, काय जमलं नाही, कोड मिळतो का. शेवटचे दोन रकाने सर्वांत मोलाचे. 'काय जमलं नाही' यातून तुमच्या प्रोजेक्टची जागा सापडते आणि 'कोड मिळतो का' यावरून ते सत्रात बसेल की नाही ते कळतं. आरव्हीओचा सुधारलेला अल्गोरिदम आरव्हीओ-टू या नावानं सी-प्लस-प्लसमध्ये खुला आहे आणि गोडो आतून तोच वापरतं. म्हणजे पेपर, मूळ कोड आणि इंजिनमधली आवृत्ती या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. ही संधी फार थोड्या विषयांत मिळते.

पैसे मागणारं पान आलं तर

प्रकाशकाच्या पानावर तीस-चाळीस डॉलरचा आकडा दिसला की विद्यार्थी तो पेपर सोडून देतात. सोडू नका. आधी स्कॉलरमध्ये त्याच निकालाखालची 'ऑल व्हर्जन्स' ही जोडणी उघडा. लेखकाच्या विद्यापीठाच्या पानावर किंवा आर्काइव्ह (arXiv) या पेपरांच्या खुल्या साठ्यावर तीच प्रत अनेकदा मोफत असते. ग्राफिक्सवरच्या पेपरांच्या बाबतीत तर स्वतःच्या पानावर पीडीएफ ठेवायची लेखकांची जुनी पद्धतच आहे. ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेन्शन घाला. कायदेशीर मोफत प्रत असेल तर ते हिरवं कुलूप दाखवतं.

काही साठे मुळातच खुले आहेत. एसीएम या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या संघटनेच्या डिजिटल लायब्ररीत १९५१ ते २००० मधलं साहित्य २०२२ पासून सर्वांना मोफत आहे. वर सांगितलेला १९८७ चा पेपर त्यातच येतो. गेममधल्या एआयवर भरणाऱ्या एआयआयडीई परिषदेचे पेपर, ग्राफिक्स तंत्रांवरचं जेसीजीटी हे नियतकालिक आणि खेळांच्या अभ्यासावरची डायग्राची डिजिटल लायब्ररी, हे तिन्ही मोफत वाचता येतं. आयईईईच्या 'ट्रान्झॅक्शन्स ऑन गेम्स' साठी मात्र सहसा संस्थेचं लॉगिन लागतं.

त्या लॉगिनबद्दल सोलापुरात काय करायचं? केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. ती सरकारी व्यवस्थापनातल्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आहेत आणि काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत चालतं. केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांत शिकत असाल तर ग्रंथालयात जाऊन थेट या योजनेचं नाव घ्या आणि घरून वापरता येईल असं लॉगिन मागा. खासगी किंवा विनाअनुदानित कॉलेजात असाल तर आपल्या ग्रंथपालांना तीन प्रश्न विचारा: कॉलेजनं स्वतः कुठले डेटाबेस घेतले आहेत, ते कॅम्पसच्या वाय-फायवरच चालतात की बाहेरूनही, आणि डेलनेटसारख्या सेवेतून दुसऱ्या ग्रंथालयातला लेख मागवता येतो का. जाताना लेखाचं शीर्षक, वर्ष, नियतकालिक आणि डीओआय लिहून न्या. 'गेमवरचं काहीतरी हवंय' म्हणून गेलात तर ग्रंथपालांनाही मदत करता येत नाही. चिठ्ठीवर नेमका तपशील असेल तर बहुतेक ग्रंथपाल मनापासून शोधून देतात.

कॅम्पसच्या वाय-फायवरही पान पैसे मागत असेल तर ब्राउझरमधला व्हीपीएन बंद आहे का ते आधी पाहा. प्रकाशक तुम्हाला इंटरनेट पत्त्यावरून ओळखतो. व्हीपीएन किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट चालू असेल तर त्याच्या लेखी तुम्ही कॉलेजात नसता.

काहीच जमलं नाही तर लेखकाला मेल पाठवा. पाच ओळी: मी कोण, कुठल्या कॉलेजात, तुमचा कुठला पेपर हवा आहे, माझ्या प्रोजेक्टमध्ये त्याचा काय संबंध, प्रत पाठवाल का. 'प्लीज हेल्प मी इन माय प्रोजेक्ट' असा मेल केल्यास उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं.

भारतीय प्रबंध पाहायचे तर शोधगंगा उघडा. दुसऱ्या प्रकरणात विषयाचा आढावा सविस्तर मिळतो, पण तो प्रबंध कुठल्या वर्षाचा आहे ते पाहूनच त्यावर विसंबा. ए-स्टार आणि त्याच्या भावंडांचा पाया कच्चा असेल तर पेपरला हात घालण्याआधी एनपीटीईएलवरचा आयआयटी मद्रासचा सर्च मेथड्सचा अभ्यासक्रम पाहून घ्या.

पेपरबाहेरचं ज्ञान

गेमच्या व्यवसायातलं बरंच ज्ञान पेपरच्या रूपात कधी येतच नाही. प्रोग्रॅमर ते गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये बोलून दाखवतात. जीडीसी व्हॉल्टवर अनेक व्याख्यानं आणि स्लाइड्स मोफत आहेत. 'फिअर' या गेममधल्या शत्रूंच्या एआयवर जेफ ऑर्किन यांनी २००६ मध्ये मांडलेलं काम असंच तिथून पुढे आलं आणि आज शैक्षणिक पेपरही त्याचा दाखला देतात. पण व्याख्यान पुरावा म्हणून वापरताना सावध राहा. वक्ता 'हे वेगवान आहे' म्हणतो तेव्हा कशापेक्षा वेगवान ते बहुधा सांगत नाही. अहवालात लिहायचं ते 'अमुक पद्धत अमुक गेममध्ये वापरली गेली' एवढंच; 'ती सर्वोत्तम आहे' हे स्वतः मोजल्याशिवाय नाही. संदर्भात वक्त्याचं नाव, वर्ष आणि व्हिडिओतलं मिनिट द्या.

'गेम एआय प्रो' मालिकेतली प्रकरणं आणि एनव्हिडियाचे 'जीपीयू जेम्स' चे तिन्ही खंड त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत वाचायला मिळतात. ट्युटोरियल आणि पेपर यांच्या मधली पायरी म्हणून ही पुस्तकं उत्तम. मात्र 'जीपीयू जेम्स' २००४ ते २००७ मधली आहेत. गणित टिकलं आहे, शेडरचा (ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) कोड जसाच्या तसा चालणार नाही.

खरा गेम आतून पाहायचा असेल तर मूळ कोड वाचा. डूमचा कोड १९९७ मध्ये, क्वेक-३ चा २००५ मध्ये खुला झाला. नेटवर्किंगवर प्रोजेक्ट असेल तर क्वेक-३ मध्ये क्लायंट पुढची स्थिती कशी गृहीत धरतो तो भाग काढून वाचा. त्याचा परवाना जीपीएल आहे. त्यातला कोड उचलून तुमच्या गेममध्ये घातलात आणि गेम वाटलात तर तुमचा कोडही त्याच परवान्यानं खुला करावा लागतो. गोडोचा एमआयटी परवाना एवढं बंधन घालत नाही. वाचायला दोन्ही चालतील, उचलण्याआधी लायसन्सची फाइल उघडा.

वाट शोधण्याच्या अल्गोरिदमची तुलना करणार असाल तर नकाशे स्वतः बनवू नका. मूव्हिंग एआय लॅबनं स्टारक्राफ्ट, वॉरक्राफ्ट-३, ड्रॅगन एज या गेममधले नकाशे आणि तयार चाचण्या मोफत ठेवल्या आहेत. इतरांनी त्यावरच मोजलेलं असल्यानं तुमचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवता येतात. घरी बनवलेल्या भुईकोट किल्ल्याच्या नकाशावर दुप्पट वेग आला, तरी तो अल्गोरिदममुळे की नकाशामुळे हे कुणालाच सांगता येणार नाही. किल्ला डेमोला ठेवा, मोजणी बेंचमार्कवर करा.

टाळायची जर्नलं

तीन दिवसांत स्वीकृती, शुल्क यूपीआयवर, विषय आयुर्वेदापासून यंत्रशिक्षणापर्यंत कुठलाही: अशा जर्नलात छापूही नका आणि तिथले पेपर आधारालाही घेऊ नका. त्यांत मोजमापं नसतात, असलीच तर मशीनचा उल्लेख नसतो, आणि चुकीची सूत्रं एका पेपरातून दुसऱ्यात उतरवलेली असतात. 'यूजीसी केअर' चा शिक्का पाहून भुलू नका. मान्य जर्नलांची ती यादी यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आहे. जर्नल डीबीएलपी या कॉम्प्युटर सायन्सच्या सूचीत दिसतं का ते पाहा. दिसलं म्हणजे उत्तमच असं नाही, पण न दिसलं तर दोनदा विचार करा.

जमवलेलं हरवू नये म्हणून

संदर्भ जमवून ठेवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी बसवा, ब्राउझरच्या बटणासकट. मोफत खात्यात ३०० एमबी जागा मिळते. पीडीएफनं ती लवकर भरते, तेव्हा फाइली गटाच्या ड्राइव्हवर ठेवा आणि झोटेरोत फक्त नोंदी सिंक करा. संदर्भाचा तपशील स्कॉलरच्या 'साइट' (Cite) बटणावरून थेट उतरवू नका. त्यात अनेकदा परिषदेचं नाव तुटलेलं किंवा वर्ष प्रीप्रिंटचं (छापण्याआधीच्या प्रतीचं) असतं. डीबीएलपी किंवा प्रकाशकाच्या पानावरून घ्या.

पेपरमधला आकडा स्वतः काढून पाहणं हा संदर्भ वाचण्याचाच भाग आहे. १००, ५००, १,००० आणि २,००० एजंट ठेवून प्रत्येकी पाच वेळा मोजा, पहिले दहा सेकंद सोडून द्या आणि मध्यक लिहा. प्रत्येक माणूस प्रत्येकाशी ताडला तर १,००० जणांच्या ४,९९,५०० जोड्या होतात, २,००० च्या १९,९९,०००. माणसं दुप्पट आणि वेळ चौपट होत असेल तर फक्त जवळचे शेजारी शोधून देणारी ग्रिड किंवा के-डी ट्री यांसारखी रचना वापरलेली नाही असं समजा. पेपरमध्ये ३ मिलिसेकंद आणि तुमच्याकडे ३० येत असतील तर लेखकांवर शंका घेण्याआधी हे पाहा: बिल्ड डीबग आहे की रिलीज, व्ही-सिंक चालू आहे का, लॅपटॉप बॅटरीवर आहे का. व्ही-सिंक म्हणजे फ्रेम स्क्रीनच्या ठेक्याला बांधणारी सेटिंग; ती चालू असताना ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर काम ५ मिलिसेकंदात संपलं तरी आकडा १६.६७ च दिसतो.

आणि उन्हाळ्यात एक जास्तीची काळजी. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारी बंद खोलीत लॅपटॉपचा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. सकाळच्या आणि दुपारच्या मोजणीत फरक पडतो आणि तो तुमच्या अल्गोरिदमचा वाटतो. दोन पद्धतींची तुलना एकाच बैठकीत, आलटून पालटून करा: एकदा ही, एकदा ती. पहाटे मोजता आलं तर उत्तम. प्रत्येक आकड्याशेजारी तारीख, वेळ, प्रोसेसर, रॅम, इंजिनची पूर्ण आवृत्ती आणि गिटचा कमिट क्रमांक लिहा आणि ही फाइल कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा.